गाडीचे नाक

द्राक्षांचा हंगाम आला की निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या भागातल्या पिकअप गाड्यांना उसंत नसते. द्राक्षे संपत येतात तोवर उन्हाळ कांदा निघतो आणि त्याच गाड्या लासलगावच्या वाटेला लागतात. डांबरी सडकेला लागण्याआधी प्रत्येक गाडी शिवारातल्या कच्च्या रस्त्याने, फुफाट्यातून, एक-दोन किलोमीटर येते. पुढे दुसरी गाडी असली तर मागच्या चालकाला काही क्षण समोरचे काहीच दिसत नाही.

आमच्या परिचयाचे एक बागायतदार आहेत. त्यांना सगळे नाना म्हणतात. गेल्या उन्हाळ्यात ते भेटले ते तक्रार घेऊनच. गाडीचे इंजिन तेल खाऊ लागले, निळसर धूर निघू लागला, म्हणून उघडले तर पिस्टनच्या रिंगा आणि लायनर झिजलेले. गाडी काही फार जुनी नव्हती. नाना म्हणाले, "सर, एअर फिल्टरची मी किती काळजी घेतो! आठवड्यातून दोनदा काढून पंक्चरवाल्याकडे हवा मारून आणतो. धुळीचा कण राहू देत नाही."

आम्ही तो फिल्टर मागून घेतला आणि खिडकीतल्या उजेडासमोर धरला. घड्यांच्या काठाला टाचणीच्या टोकाएवढी चार-पाच ठिकाणे लख्ख चमकली. झिजेचे एवढेच कारण असेल असे आम्ही म्हणणार नाही. पण नानांची काळजी हाच रोगाचा एक भाग होता, हे त्यांना पटवायला आम्हांला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात जे बोलणे झाले, त्यात नववी-दहावीच्या वर्गात सांगण्यासारखे बरेच काही आहे.

सुरुवात हिशेबाने करू. एक किलो डिझेल पुरते जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. म्हणजे एक लिटर डिझेलमागे बारा किलो हवा झाली. नाशिकची उंची आणि उन्हाळ्याचे तापमान धरले तर ही हवा अकरा हजार लिटर भरते. डिझेल इंजिन प्रत्यक्षात याहूनही जास्त हवा ओढते. आता दुसऱ्या बाजूने पाहा. या गाड्यांची इंजिने साधारण अडीच लिटरची असतात. चार टप्प्यांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा सारे सिलिंडर हवेने भरतात. मिनिटाला दोन हजार फेरे धरले तर हजार वेळा अडीच लिटर, म्हणजे मिनिटाला अडीच हजार लिटर आणि तासाला दीडशे घनमीटर हवा. टर्बो असेल तर आणखी. सात मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच अशा वर्गखोलीत साधारण इतकीच हवा मावते. विद्यार्थ्यांना खोली मोजायला लावावी आणि मग सांगावे, ही सगळी हवा एक पिकअप एका तासात पिऊन टाकतो. स्वस्थ बसलेल्या माणसाला तेवढी हवा पंधरा दिवस पुरेल.

या हवेबरोबर धूळ येते. धूळ म्हणजे सगळी सारखी नव्हे, आणि आपल्या दख्खनच्या धुळीची तर एक गंमतच आहे. आपली काळी माती बेसॉल्ट खडक कुजून झालेली. तिच्यात माँटमोरिलोनाइट हे चिकणमातीचे खनिज मुबलक असते. ते मऊ असते, कठीणतेच्या मोह्‌स मापावर एक-दोनच्या घरात, आणि त्याचे कण फार बारीक. अशी धूळ धातूला फारशी ओरखडत नाही, पण कागद चोंदवते. न कुजलेल्या बेसॉल्टची भुकटी मात्र वेगळी. खडी क्रशरजवळ किंवा नव्याने खडी पसरलेल्या रस्त्यावर जी धूळ उडते, तिच्यात फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन असतात. त्यांची कठीणता पाच ते सहा. आपल्या खडकांच्या पोकळ्यांतून गारगोटीही सापडते, तिची कठीणता सात. चाकूचे पाते साडेपाचाच्या आसपास असते. गारगोटीने काचेवर ओरखडा काढून दाखवला की इंजिनाच्या लोखंडाचे काय होत असेल हे वेगळे सांगावे लागत नाही.

पिस्टनची रिंग आणि लायनर यांच्यामध्ये तेलाचा पापुद्रा असतो, काही मायक्रॉन जाडीचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. पापुद्र्यापेक्षा खूप लहान कण तेलातून तरंगत निघून जातो. पापुद्र्याएवढा किंवा त्याहून थोडा मोठा कठीण कण दोन्ही धातूंना एकाच वेळी घासतो. म्हणून इंजिनाचे खरे शत्रू ढोबळ मानाने दोन ते वीस मायक्रॉनचे कण. डोळ्यांना त्यांतले बहुतेक दिसत नाहीत.

मग फिल्टर त्यांना अडवतो कसा? बहुतेकांची समजूत अशी की फिल्टर म्हणजे चाळणी. भोकापेक्षा मोठा कण अडकतो, लहान निसटतो. नानांचीही तीच समजूत होती, आणि सगळा घोळ तिथेच आहे. फिल्टरच्या कागदातल्या वाटा अडवायच्या कणांपेक्षा पुष्कळदा मोठ्या असतात. तरी कण अडतात, कारण हवा तंतूंना वळसे घालत जाते. जड कणाला जडत्वामुळे ते वळण साधत नाही आणि तो तंतूवर आपटतो. कसारा घाटात एसटी वळली की उभा प्रवासी जसा बाजूच्यावर आदळतो, तसेच हे. मध्यम कण हवेबरोबर वळतात, पण तंतूला घासून जाताना चिकटतात. अगदी बारीक, दशांश मायक्रॉनच्या आतले कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भटकतात आणि भटकता भटकता तंतूला जाऊन लागतात.

इथे वर्गात एक प्रश्न जरूर विचारावा: सर्वांत सहज कोणता कण निसटेल? बहुतेक मुले "सर्वांत लहान" म्हणतील. उत्तर आहे मधला, साधारण ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा. तो आपटण्याइतका जड नाही आणि भटकण्याइतका हलकाही नाही. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

आता नानांच्या चुकीकडे येऊ. तंतूवर बसलेला कण स्वतःच पुढच्या कणाला अडथळा होतो. थर जमत गेला की वाटा अरुंद होतात, वळणे वाढतात आणि फिल्टर अधिक चांगले गाळू लागतो. कोरा पांढरा फिल्टर हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत कच्चा फिल्टर असतो! फिल्टरच्या चाचणीत घनमीटरमागे एक ग्रॅम धूळ सोडतात. या धुळीला आजही ॲरिझोना धूळ म्हणतात, कारण पूर्वी ती अमेरिकेतल्या त्या वाळवंटी प्रांतातून आणत. या हिशेबाने आपल्या इंजिनाकडे तासाला दीडशे ग्रॅम धूळ येईल. समजा कोरा फिल्टर ९९ टक्के धूळ अडवतो आणि थर जमलेला ९९.९ टक्के. ऐकायला फरक एका टक्क्याहूनही कमी. पण इंजिनात काय जाते ते मोजा: पहिल्यात दीड ग्रॅम, दुसऱ्यात ०.१५ ग्रॅम. दहापट फरक! टक्केवारी शिकवताना याहून बोलके उदाहरण आम्हांला तरी सुचत नाही.

नाना आठवड्यातून दोनदा हा उपयोगी थर उडवून फिल्टरला पुन्हा कच्चा करत होते. शिवाय टायरसाठीच्या कॉम्प्रेसरचा झोत कागदाला सोसण्यापलीकडचा असतो. घडीच्या काठाशी तंतू फाटतात, आणि एकदा भोक पडले की हवा साहजिकच सोप्या वाटेने, भोकातून जाते. काही गाड्यांच्या पुस्तिकेत कमी दाबाने, आतल्या बाजूने बाहेर, मोजक्या वेळा हवा मारायची मुभा असते. ज्यांना तेवढे पथ्य पाळणे जमते त्यांनी पाळावे. पाण्याने धुणे किंवा टायरवर आपटणे मात्र कोणत्याच पुस्तिकेत आम्ही वाचलेले नाही.

"मग बदलायचा तरी केव्हा?" नानांनी विचारले. रास्त प्रश्न, कारण थर वाढत गेला की हवेला ओढ पडते. हवा कमी आणि डिझेल तितकेच राहिले की अर्धवट जळून काळा धूर निघतो, ॲव्हरेज घटते. नव्या गाड्यांत येणारी हवा मोजून संगणक डिझेल कमी करतो, म्हणून धुराऐवजी चढावर दम कमी पडतो. रंग पाहून हे कळत नाही, दाब पाहून कळते. काही गाड्यांच्या फिल्टरच्या नळीवर एक छोटा दर्शक असतो, ओढ मर्यादेबाहेर गेली की त्यात लाल पट्टी दिसते. दर्शक नसेल तर पुस्तिकेत धुळीच्या रस्त्यांसाठी दिलेले किलोमीटर पाळावेत. ते चांगल्या रस्त्यांसाठीच्या आकड्यापेक्षा कमी असतात.

ही ओढ कमी राहावी म्हणून तर कागदाला घड्या घालतात. समजा शंभर घड्या, प्रत्येक चार सेंटिमीटर खोल आणि वीस सेंटिमीटर लांब. घडीला दोन बाजू, म्हणजे एकूण सोळा हजार चौरस सेंटिमीटर कागद झाला. त्यातून मिनिटाला अडीच हजार लिटर हवा जाते तेव्हा कागदापाशी तिचा वेग सेकंदाला अवघा अडीच-पावणेतीन सेंटिमीटर असतो, मुंगीच्या चालीइतका. वहीच्या पानाचा पंखा करून मुलांना हे हाताने करू द्यावे.

बदलण्याचे काम दहा मिनिटांचे आहे, पण त्यातही एक मेख आहे. डब्याच्या क्लिपा काढून जुना फिल्टर अलगद, न झटकता उचलावा. डब्याच्या आत साचलेली धूळ ओल्या फडक्याने पुसावी, तिथे हवा मारू नये, नाहीतर ती सरळ इंजिनाकडच्या नळीत जाते. तळाशी रबरी चोच असेल तर दाबून मोकळी करावी. नव्या फिल्टरची रबरी कड सगळीकडे नीट बसली आहे ना, हे बोट फिरवून पाहावे. कड एका जागी मुडपली तर उत्तम कागदही फुकट. शेवटी फिल्टरच्या पलीकडची, इंजिनाकडे जाणारी नळी आतून पांढऱ्या फडक्याने पुसून पाहावी. फडके मळले तर कुठेतरी गळती आहे. नानांच्या गाडीत ते चांगलेच मळले.

जुन्या माणसांना तेलाचे फिल्टर आठवत असतील. महिंद्रांनी मुंबईत जोडलेल्या विलीज जीप गाड्यांना ते असत, अनेक जुन्या ट्रॅक्टरांना अजून असतात. हवा तेलाच्या पृष्ठभागावर झपकन वळते, जड धूळ तेलात पडते. तत्त्व तेच, एसटीतल्या प्रवाशाचे. ते तेल बदलले की फिल्टर नवा, ही त्याची सोय. बारीक धूळ मात्र कागदच चांगली पकडतो.

इंजिनाला असे नाक असते. गाडीत बसणाऱ्याचे काय? एसी असलेल्या गाड्यांत केबिनचा निराळा फिल्टर असतो, बहुधा डॅशबोर्डच्या कप्प्यामागे. कप्पा उतरवला की एक पट्टी निघते, तिच्यामागे फिल्टर. नवा घालताना त्यावरचा बाण हवेच्या दिशेने ठेवायचा. कांदा वाहणाऱ्या गाडीत तिथे पातीच्या सालपटांचा चुरा भरलेला आम्ही पाहिला आहे, आणि दमट कुबट वासही घेतला आहे. कांद्यावरची काळी बुरशी, ॲस्परजिलस नायजर, हिचे बीजाणू याच धुळीत असतात. हा फिल्टर बहुधा कागदाचा नसून कृत्रिम तंतूंचा असतो आणि अनेकदा त्या तंतूंवर विद्युतभार ठेवलेला असतो, म्हणजे विरळ विणीतूनही बारीक कण ओढले जावेत. त्याला साबणाने धुतले की हा भार नाहीसा होतो.

भाराची गरज का, तर फुफ्फुसाचे शत्रू इंजिनाच्या शत्रूंपेक्षा लहान आहेत. वीस मायक्रॉनचा कण आपले नाक आणि घसाच अडवतात. अडीच मायक्रॉनच्या आतला खोल उतरतो, आणि डिझेलच्या धुरातली काजळी तर दशांश मायक्रॉनची. इंजिन जिची पर्वा करत नाही ती धूळ चालकाला बाधते.

डिसेंबर २०२३ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले. पिकअप त्या वजनाच्या आतले, म्हणून नियमाच्या बाहेर. नानांच्या गाडीला एसी नाही, त्यामुळे केबिन फिल्टर बसवायला जागाच नाही. त्यांचा चालक काच उघडी ठेवतो आणि तोंडाला रुमाल बांधतो. रुमाल मोठी धूळ अडवतो, बारीक धूळ विणीतून आणि गालाच्या कडेने आत जाते. मुडपलेल्या रबरी कडेचीच गोष्ट.

आम्ही त्याला एन-९५ मुखपट्ट्यांचे एक पाकीट नेऊन दिले. त्यातला ९५ हा आकडा ०.३ मायक्रॉनच्या आसपासच्या, म्हणजे पकडायला सर्वांत अवघड कणांचा. महिन्याने विचारले, वापरतोस का? म्हणाला, "गाडी चालवताना लावतो सर. कांदा भरताना काढतो, दम लागतो." मजूर कांदा ओततात तेव्हाच धूळ सर्वांत जास्त उडते आणि माणूसही तेव्हाच सर्वांत जास्त हवा ओढत असतो. श्वासाला कमी ओढ लागावी म्हणून पुढे झडप असलेली मुखपट्टी मिळते, पण ती झडप फक्त उच्छ्वास सोपा करते. श्वास घ्यायला जोर तितकाच लागतो. नाना म्हणतात, पुढची गाडी एसीची घेऊ. तोवर त्यांनी कांदा भरायची जागा वाऱ्याच्या दिशेप्रमाणे बदलली आहे. गाडी आता धुळीच्या वरच्या अंगाला उभी राहते.