विश्लेषण : ‘अहमदनगर’चे ‘अहिल्यानगर’ करताना डेटाबेसचा बॅकअप कसा घ्यावा?

ऑक्टोबर २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. पाटी रंगवायला एक दिवस पुरतो. साखर कारखाने, पतसंस्था, महाविद्यालये यांच्या डेटाबेसमधील नाव बदलणे तेवढे सोपे नसते. तेथे हात घालण्यापूर्वी बॅकअप घ्यावा लागतो. पण नेमका कशाचा?

स्कीमा म्हणजे काय?

रिलेशनल डेटाबेसमध्ये माहिती तक्त्यांत असते. समजा, एका कारखान्याकडे सभासद, ऊसनोंद आणि वजनपावती असे तक्ते आहेत. कोणत्या रकान्यात फक्त आकडाच चालेल, सभासद क्रमांकाशिवाय पावती निघणार नाही, असे सगळे नियम म्हणजे स्कीमा. शेतकऱ्याचे नाव आणि उसाचे टन हा डेटा.

स्कीमा नीट आखलेला असेल, तर जिल्ह्याचे नाव एका स्वतंत्र तक्त्यात एकदाच असते. एक ओळ बदलली की काम झाले. पण अनेकदा ते प्रत्येक पत्त्यात वेगळे टाइप केलेले असते : कुठे ‘अहमदनगर’, कुठे ‘अ.नगर’, कुठे नुसते ‘नगर’. सरसकट ‘नगर’च्या जागी ‘अहिल्यानगर’ घातले, की ‘प्रवरानगर’चे ‘प्रवराअहिल्यानगर’ होते! अशा वेळी मागे फिरायला बॅकअपच लागतो.

बॅकअपमधून काय निसटते?

पोस्टग्रेस डेटाबेसच्या ‘पीजी-डंप’ला ‘स्कीमा-ओन्ली’ हा पर्याय दिला, तर फक्त आराखडा मिळतो. तो रिस्टोर केल्यावर सगळे तक्ते दिसतात, पण रिकामे. नवी यंत्रणा तपासायला हे उपयोगी. सभासदांची खाती परत आणायला नाही. शिवाय वापरकर्त्यांची खाती व पासवर्ड त्यात येत नाहीत, ते वेगळे घ्यावे लागतात. ‘मायएसक्यूएल-डंप’मध्ये ‘रूटीन्स’ हा पर्याय दिला नाही, तर डेटाबेसमध्ये साठवलेल्या प्रोसिजर मागेच राहतात. ऊसबिलाचा हिशेब त्यांत असेल, तर तक्ते शाबूत आणि बिल मात्र निघत नाही. अक्षरसंच चुकला, तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. तशीच साठवली गेली, की त्यांतून नाव परत मिळत नाही.

फाइल तयार झाली, म्हणजे बॅकअप झाला?

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीच्या अभियंत्याकडून चालू डेटाबेस चुकून पुसला गेला. नियमित बॅकअप होत असल्याचा समज होता. प्रत्यक्षात ‘पीजी-डंप’ ९.२ आवृत्तीचा आणि डेटाबेस ९.६चा असल्याने तो होतच नव्हता. अपयशाची सूचना देणारे ईमेलही पोहोचत नव्हते. दुसऱ्या कामासाठी घेतलेली प्रत हाताशी होती म्हणून निभावले, तरी सुमारे सहा तासांचा डेटा गेला. गाळप हंगामात सहा तासांत काट्यावरून किती ट्रॅक्टर जातात, हे कारखान्यात कोणालाही विचारावे.

म्हणून बॅकअप दुसऱ्या संगणकावर रिस्टोर करून पाहावा. प्रत्येक तक्त्यातील ओळींची संख्या जुळवावी, शेवटची वजनपावती शोधावी, एका सभासदाचे बिल काढून मूळ बिलाशी ताडावे. जिल्ह्याचे नाव त्यानंतर बदलावे.