पटाशीच्या दातांची मागची बाजू

ओला दात नेहमीच चकाकतो, म्हणून मी आधी हवेची फुंकर मारून तो कोरडा करते. वरच्या पटाशीच्या दातांची टाळूकडची बाजू कोरडी झाली की झीज लपत नाही. उंचसखल भाग सपाट झालेले, पृष्ठभाग गुळगुळीत, आणि पातळ एनॅमलखालून डेंटिनचा पिवळेपणा डोकावतोय.

आम्ल कुठून आलं ते बहुधा जागेवरून कळतं. कोल्ड्रिंक, लिंबू दाताला पुढून खातं. पोटातलं आम्ल मागून. खालचे पुढचे दात मात्र बरेचदा शाबूत, कारण उलटीच्या वेळी जीभ त्यांच्यावर असते. दाढेत जुनी चांदी असेल तर भोवतालचा दात झिजून चांदी बेटासारखी वर राहिलेली दिसते. एनॅमल साधारण 5.5 पीएचखाली विरघळायला लागतं; जठराचं आम्ल कितीतरी तीव्र.

"तिला पित्ताचा त्रास आहे," मुलीची आई सांगते. खरंही असू शकतं. पित्त वर आलं तरी दात असेच झिजतात, आणि आपल्याकडे बोटं घालून पित्त काढणारी माणसं काही कमी नाहीत. म्हणून नुसत्या दातांवरून बुलिमियाचं, म्हणजे भरमसाट खाऊन मग मुद्दाम उलटी काढण्याच्या आजाराचं, निदान करू नये. जेराल्ड रसेल यांनी 1979 मध्ये या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा बोटांच्या सांध्यांवरचे घट्टेही नोंदवले होते. ते प्रत्येकाला नसतात. वजनही बहुधा नॉर्मल. कानाखालच्या लाळग्रंथी सुजतात, तर घरचे खूश: गाल भरले!

आईला बाहेर बसवते, मदतनीस ताई आत थांबते. "दातांना पोटातलं आम्ल लागतंय. उलट्या होतात का गं?" बहुतेकदा उत्तर "नाही". मी वाद घालत नाही. उलटी झालीच तर लगेच ब्रश नको, पाण्यात थोडा खाण्याचा सोडा घालून चूळ भर, एवढंच सांगते. मग कधीतरी हळूच प्रश्न येतो, "मग ब्रश किती वेळाने करायचा?" माझ्या लेखी हेच उत्तर. मुलगेही असंच विचारतात.

तारा लावलेली मुलं दर महिन्याला येतात, त्यामुळे बोलायला सवड मिळते. कॅप, व्हेनियर उलट्या थांबेपर्यंत नाहीत. तोवर कंपोझिटचा थर. मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं, घरी कुणी सांगायचं, हे तिच्याशी बोलून ठरवते. चक्कर किंवा धडधड असेल तर मात्र तेवढी सवड नसते. उलट्यांनी पोटॅशियम उतरतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आईला तिथेच आत बोलावते, आणि त्याच दिवशी फिजिशियनकडे पाठवते.