हाली रुपयाचे मोल

आपला जालना जिल्हा १९८१ साली निर्माण झाला. परंतु हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात मोडत असे. त्या राज्याचे नाणे निराळे होते. त्यास 'हाली सिक्का' म्हणत. 'हाली' म्हणजे सध्याचा. आपला 'हल्ली' हा शब्द त्याच कुळातला. इंग्रजी अमलातील रुपया तो 'कलदार'. सहा कलदारांस सुमारे सात हाली रुपये पडत. आज दोन्ही चलनांतून गेले आहेत.

विसाव्या शतकाच्या आरंभी हाली रुपयावर चारमिनारचे चित्र आले. त्याच्या कमानीत एक चिमुकले अक्षर असते. मीर महबूब अली खान यांच्या कारकिर्दीतील रुपयावर 'मीम', तर १९११ साली गादीवर आलेल्या मीर उस्मान अली खान यांच्या रुपयावर 'ऐन'. नाण्यावर हिजरी सनही असतो.

या रुपयाचे वजन सुमारे ११ ग्रॅम. त्यात शेकडा सुमारे ८२ भाग चांदी. सराफाच्या तराजूत असे दोन रुपये सारख्याच किमतीचे ठरतात. संग्राहक मात्र ते भिंगाखाली धरतो. उठावाची टोके जशीच्या तशी, टाकसाळीची मूळ झळाळी कायम, असे नाणे पहिल्या प्रतीचे. उंच भाग किंचित झिजला, पण अक्षरे स्पष्ट, ते मधल्या प्रतीचे. केवळ आकृती उरली, ते कनिष्ठ. त्यातही एखाद्या सनाची नाणी थोडीच उरली असतील, तर झिजलेल्यासही चांगली किंमत येते. माळेत ओवण्यासाठी डाख देऊन कडी लावलेल्या नाण्याचे मोल मात्र उतरते.

माझ्या आजीपाशी असा एक रुपया होता. लक्ष्मीपूजनासाठी दरवर्षी मी तो राखेने घासून लखलखीत करी आणि शाबासकी मिळवी. मोठेपणी भिंग घेऊन पाहिले, तो सन पुसट झालेला; कमानीतले अक्षर नाहीसे झालेले! तो रुपया कोणाच्या कारकिर्दीतला, हे आता सांगता येत नाही. चांदी घरात राहिली. तिची हकीकत मात्र माझ्याच हातांनी पुसली गेली.

मुलांनो, तुमच्या घरी असे नाणे असेल, तर ते कडेने धरा, मऊ कापसात ठेवा; चिंच, राख लावू नका. काळवंडलेले नाणे वाचता येते. घासलेले मुके होते.