डेअरीच्या कॉम्प्युटरमध्ये लिटरच्या जागी फॅट कशी जाते? नोंद घालायच्या दोन पद्धती

डेअरीवर दूध मोजलं, फॅट काढली, चिठ्ठी हातात आली. तेवढ्यात आतल्या कॉम्प्युटरमध्ये एक नवीन ओळ भरलेली असते. अशा ओळी जिथं साठतात तो डेटाबेस. रकाने जुन्या रजिस्टरसारखेच: सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ.

ओळ घालायचा हुकूम सॉफ्टवेअर बनवणारा एकदाच लिहून ठेवतो, मग रोज सकाळ-संध्याकाळ तोच चालतो. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये तो दोन तऱ्हेनं लिहिता येतो. लिहितात इंग्रजीत, इथं आपल्या अक्षरात देतोय. पहिली तऱ्हा अशी:

इन्सर्ट इन्टू संकलन व्हॅल्यूज (११२, ७.५, ६.८, ९.०)

यात नुसते आकडे आहेत. कुठला आकडा कशाचा, हे जागेवरून ठरतं. लिहिणाऱ्यानं दुसरा आणि तिसरा उलटे टाकले, की साडेसात लिटर दूध ६.८ लिटर होतं आणि फॅट ७.५ लागते. म्हशीच्या दुधाला दोन्ही आकडे शोभतात, त्यामुळं कुणाला शंकाही येत नाही. शेतकऱ्याचं ७०० मिली दूध मात्र नोंदीतून गेलं! आकडा कमी-जास्त पडला तर कॉम्प्युटर अडवतो, पण अशी अदलाबदल त्याला कळत नाही.

दुसरी तऱ्हा:

इन्सर्ट इन्टू संकलन सेट सभासद = ११२, लिटर = ७.५, फॅट = ६.८, एसएनएफ = ९.०

प्रत्येक आकड्याशेजारी रकान्याचं नाव. क्रम बदलला तरी बिघडत नाही, आणि वाचणाऱ्याला चूक लगेच दिसते. अर्थात मशीननंच फॅट चुकीची दिली तर ही पद्धतही काही करू शकत नाही.

मग सगळे हीच का वापरत नाहीत? एक तर सेटनं एका वेळी एकच ओळ जाते. व्हॅल्यूजनं स्वल्पविराम देत शंभर सभासदांच्या ओळी एका हुकमात घालता येतात. दुसरं, सेट ही मायएसक्यूएल आणि मारियाडीबीची सोय आहे. पोस्टग्रेएसक्यूएल किंवा एसक्यूएलाइटमध्ये हा हुकूम चालत नाही.

तिथं व्हॅल्यूजच्या आधी कंसात रकान्यांची नावं लिहितात: संकलन (सभासद, लिटर, फॅट, एसएनएफ). ही पद्धत मायएसक्यूएलमध्येही चालते. फक्त रकाने वीस-पंचवीस झाले, की कुठलं नाव कुठल्या आकड्याचं हे बोटं ठेवून मोजावं लागतं.