चित्र दिसते, पण आवाज कुठे गेला?

शिक्षकमित्रहो, कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या अनेक शाळांत आता टीव्ही आला आहे. गुरुजी किंवा बाई आपला लॅपटॉप आणतात, वायर जोडतात, पडद्यावर चित्र उमटते, मुले सरसावून बसतात. आणि आवाजाचा मात्र पत्ता नाही! फार तर लॅपटॉपच्या पोटातून किणकिण ऐकू येते, ती पहिल्या रांगेपलीकडे जात नाही. घरी ठाकरी किंवा कातकरी बोली बोलणाऱ्या लहान मुलाच्या कानावर पुस्तकातली मराठी पडावी, म्हणून तर हा सारा खटाटोप. मुक्या चित्राने ते कसे साधणार? मग खोपोलीहून किंवा कर्जतहून मेकॅनिक येईपर्यंत टीव्हीवर फडके पडते.

वास्तविक पुष्कळदा काहीच बिघडलेले नसते. कर्जतकरांना राजनाला ठाऊक आहे. भिवपुरीच्या वीजघरात काम करून आलेले पाणी या कालव्याने शेतांत जाते. शेवटच्या टोकाच्या शेतात पाणी पोचले नाही, तर शहाणा शेतकरी कालव्यावर कुदळ चालवीत नाही. तो पाटाच्या कडेने वर चालत जातो आणि पाणी कुठे वळले आहे ते बघतो. आपणही तेच करायचे. संगणक एकच चित्र दोन पडद्यांवर एकदम दाखवू शकतो. आवाज मात्र साधारणपणे एकाच दाराने बाहेर सोडतो. तो दुसऱ्याच्या शेतात वळला आहे, एवढेच.

प्रथम टीव्ही. त्यावर एखादा नेहमीचा कार्यक्रम किंवा पेनड्राइव्हवरचे गाणे लावावे. ते ऐकू आले, तर टीव्हीचे स्पीकर शाबूत आहेत. नाही आले, तर रिमोटवरचे ‘म्यूट’चे बटण कोणा पोराने दाबले आहे का, ते बघा. हसू नका, हे फार वेळा घडते.

मग वायर. येथेच बहुतेकांची फसगत होते. रुंद टोकाची, तीन ओळींत पंधरा पिना असलेली, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली वायर व्ही.जी.ए. जातीची. हा प्रकार १९८७ सालचा, आणि त्यातून फक्त चित्र जाते. आवाज जाण्याची सोयच तीत नाही, तेव्हा कितीही बटणे दाबली तरी व्यर्थ. तिच्या जोडीला दुसरी बारीक वायर हवी: एक टोक लॅपटॉपच्या इअरफोनच्या भोकात, दुसरे टीव्हीच्या ‘ऑडिओ इन’ लिहिलेल्या भोकात. टीव्हीचे इअरफोनचे भोक मात्र आवाज बाहेर देण्यासाठी असते. तेथे ती खुपसून उपयोग नाही. ‘ऑडिओ इन’ नसेलच, तर लॅपटॉपचा आवाज सरळ शाळेच्या प्रार्थनेच्या ध्वनिवर्धकाला जोडावा. उलट एच.डी.एम.आय. नावाची चपटी वायर चित्र आणि आवाज दोन्ही नेते. नवी वायर घ्यायची झाल्यास, लॅपटॉपला तसे भोक असल्याची खात्री करून, हीच घ्यावी.

एच.डी.एम.आय. असूनही आवाज नाही? तर आता पाटकऱ्याला, म्हणजे संगणकाला, विचारायचे. टीव्ही आधी चालू करा; तो बंद असला तर त्याचे नाव बहुधा यादीत येतच नाही. विंडोज असलेल्या संगणकावर उजव्या कोपऱ्यात खाली स्पीकरचे चित्र असते. विंडोज १० मध्ये त्यावर टिचकी मारली की आवाजाची पट्टी उघडते आणि तिच्या वर एक नाव दिसते. त्या नावावर टिचकी मारली की यादी येते. विंडोज ११ मध्ये पट्टीशेजारच्या खुणेवर टिचकी मारावी लागते. यादीत टीव्हीच्या कंपनीचे किंवा एच.डी.एम.आय.चे नाव असेल, ते निवडा. उबुंटूवर हीच निवड ‘सेटिंग्ज’मधल्या ‘साउंड’खाली सापडते.

नाव निवडूनही शांतता असेल, तर चालू असलेला व्हिडिओ बंद करून पुन्हा लावा. काही प्रोग्रॅम जुन्याच दाराला चिकटून बसतात. आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘सराउंड’ निवडलेले असेल, तर ‘स्टिरिओ’ करा. काही टीव्हींना साधा दोन वाटांचा आवाजच समजतो.

आणि टीव्हीचे नाव यादीत मुळी येतच नसेल तर? वायर टीव्हीच्या दुसऱ्या भोकात घालून, रिमोटवर तेच भोक निवडून पाहा. शक्य तर शेजारच्या शाळेची चालती वायर आणून लावा. मग संगणक बंद करून पुन्हा सुरू करा. एवढ्याने भागले नाही, तर ड्रायव्हर, म्हणजे टीव्हीकडे चित्र आणि आवाज पाठविणारी संगणकातली आज्ञावली, नव्याने घालावी लागेल. आता खुशाल मेकॅनिकला फोन करा. पण काय काय तपासले ते त्याला सांगा, म्हणजे तो नुसती वायर हलवून पैसे घेणार नाही.

तास संपल्यावर वायर काढली की आवाज बहुधा आपोआप लॅपटॉपकडे परततो. न परतल्यास त्याच यादीतून ‘स्पीकर’ निवडावे. आपल्याकडच्या पावसात वायरींची टोके दमट भिंतीशी लोंबती ठेवू नयेत. ती कोरड्या डब्यात ठेवावीत.