‘ते माझ्या मागावर आहेत’ : परवीन बाबी आणि आपल्या वाडीतले बंद दार

जानेवारी २००५. मुंबईत जुहूच्या एका इमारतीत एका फ्लॅटच्या दारापुढे दुधाच्या पिशव्या आणि वर्तमानपत्रे साठत गेली. आतून कोणी उचलली नाहीत. सोसायटीच्या लोकांना शंका आली, त्यांनी पोलिसांना कळविले. २२ तारखेला दार उघडले तेव्हा आत पन्नाशीतली एक बाई मरून पडली होती. मधुमेहाने शरीर पोखरलेले, पायाला गँगरीन झालेले. शवविच्छेदनात पोटात अन्न सापडले नाही. घरात सोबतीला कोणीही नव्हते.

ही बाई म्हणजे परवीन बाबी. ‘दीवार’, ‘अमर अकबर अँथनी’, ‘काला पत्थर’, ‘शान’, ‘नमक हलाल’ या चित्रपटांची नायिका. आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर ज्यांनी टुरिंग टॉकीजच्या तंबूत मातीवर बसून हे सिनेमे पाहिले, किंवा मुंबईला गिरणीत कामाला असताना बदली पाळीच्या दिवशी स्टॉलचे तिकीट काढून पाहिले, त्यांना तिचा चेहरा सांगायला नको. १९७६ साली अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने तिला मुखपृष्ठावर घेतले होते. त्या काळी हा मान हिंदी सिनेमातल्या दुसऱ्या कोणा नटीच्या वाट्याला आला नव्हता.

असे भाग्य लाभलेल्या कलावतीने शेवटची वर्षे दार लावून का काढली? आणि आपल्या साप्ताहिकात, कुटुंबाच्या पानावर, तिची गोष्ट कशासाठी? सिनेनटीची रसभरित कहाणी छापणारी मासिके पुष्कळ आहेत. आम्हांला वेगळे काही सांगायचे आहे.

परवीन मूळची गुजरातेतल्या जुनागढची. बाबी हे तिथले जुने नवाबी घराणे. वडील ती लहान असतानाच वारले. अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकली आणि १९७३ साली ‘चरित्र’ या चित्रपटातून पडद्यावर आली. तिचा नायक होता क्रिकेटपटू सलीम दुराणी. पुढल्या दहा वर्षांत तिने भरपूर काम केले, भरपूर कमावले. बाहेरून पाहणाऱ्याला सगळे झगमगीत दिसत होते.

आत मात्र काही बिनसत होते. दिग्दर्शक महेश भट्ट हे तेव्हा तिच्या सहवासात होते. त्यांनी पुढे अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे, की १९७९ साली एके दिवशी ते घरी आले, तर परवीन शूटिंगच्या कपड्यांतच कोपऱ्यात अंग चोरून बसली होती, हातात सुरी होती, आणि कोणीतरी आपल्याला मारायला टपले आहे असे ती म्हणत होती. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाचे निदान केले असेही भट्ट सांगत आले. परवीनने हे निदान कधी मान्य केले नाही. आपल्याला वेडी ठरविण्याचा हा सिनेमावाल्यांचा आणि पत्रकारांचा कट आहे असे तिचे शेवटपर्यंत म्हणणे होते. दोघांतले ते नाते तुटले. त्यावरून भट्ट यांनी १९८२ साली ‘अर्थ’ काढला. त्यात मनाने खचलेल्या नटीचे काम आपल्या स्मिता पाटीलने केले, आणि लोकांनी तिकिटे काढून ते पाहिले. ज्या बाईचे हे दुःख, ती तेव्हा याच शहरात राहत होती. कलेला हा अधिकार आहे की नाही यावर पुष्कळ वाद घालता येईल. आम्हांला मात्र ते आजही बरे वाटत नाही.

१९८३च्या जुलैत परवीन कोणाला न सांगता देश सोडून गेली. निर्माते शोधत राहिले, गुंडांनी पळविली अशा अफवा उठल्या. १९८४च्या एप्रिलमध्ये न्यू यॉर्कच्या विमानतळावर तिला ओळखीची कागदपत्रे दाखवता आली नाहीत. तिला अडविले, बेड्या घातल्या आणि इस्पितळात मनोरुग्णांमध्ये ठेवले. भारतीय वकिलातीची माणसे तिथे जाऊन तिला भेटली.

१९८९च्या नोव्हेंबरात ती मुंबईला परतली. शरीर सुटले होते, पटकन ओळखू येत नव्हती. आणि आता ती उघडपणे आरोप करू लागली. एकेकाळचा सहकलाकार आणि मित्र अमिताभ बच्चन यांच्यापासून आपल्या जिवाला धोका आहे, त्यांची माणसे आपल्यावर पाळत ठेवून आहेत, आपल्याला पळवून नेऊन कानामागे यंत्र बसविले आहे, असे ती सांगे. (त्याच सुमारास, १९९० साली, ‘अग्निपथ’ आला आणि त्यातल्या बच्चनच्या तोंडून आमच्या मांडव्याचे नाव देशभर झाले. किनाऱ्यावरची पोरे तो आवाज काढीत फिरत होती.) पुढे आरोपांची यादी वाढत गेली. अमेरिकेचे अध्यक्ष, इंग्लंडचा राजपुत्र, परदेशी हेरखाती, सगळे त्यात आले. कशालाही पुरावा पुढे आला नाही. २००२ साली तिने मुंबई बॉम्बस्फोट खटल्याच्या न्यायालयात संजय दत्तविरुद्ध आपल्याकडे माहिती आहे असे प्रतिज्ञापत्र दिले. पण साक्षीला बोलावले तेव्हा बाहेर पडलो तर मारले जाऊ, या भीतीने ती गेलीच नाही.

बच्चन यांच्यावरचे आरोप खरे होते असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे भीतीबद्दल आहे. मागावर असलेला माणूस नसेल, पण बाई घाबरली होती हे खरे होते. अन्नात विष असेल म्हणून घास न गिळणे, फोनच्या आवाजाने दचकणे, जुन्या मैत्रिणीलाही दारातून परत पाठविणे, असे वर्षानुवर्षे जगणे म्हणजे काय, याचा विचार करा. त्या काळी सिनेमासिके तिच्या मुलाखती चवीने छापत. आम्हीही त्या वाचल्या, चहाच्या दुकानावर बसून हसलो, हे कबूल केले पाहिजे.

आता मुंबई सोडून या किनाऱ्यावर येऊ. रेवस असो, रेवदंडा असो, मुरूड वा श्रीवर्धन, एखाद्या बौद्धवाडीत असे एक बंद दार सापडते. आत कोणाची तरी सून, कोणाची बहीण. चांगली शिकलेली असते, एखादीचा गळा गोड असतो, जयंतीला वंदना तिनेच म्हणायची असा वाडीचा रिवाज असतो. मग एका वर्षी ती स्टेजवर येत नाही. शेजारीण आपल्यावर करणी करते म्हणते, नळाचे पाणी पीत नाही, जिच्याशी जिवाभावाची मैत्री होती तिचेच नाव घेऊन शिव्या देते. मैत्रीण दुखावते आणि येणे बंद करते. आजाराला नेमके हेच हवे असते, कारण संशयाला पहिले गिऱ्हाईक जवळचे माणूसच सापडते.

घरचे काय करतात? बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनही रात्री गुपचूप भगताकडे जाणारी माणसे आहेत, हे लपवून काय उपयोग? उतारा, अंगारा, नारळ, मग मिरचीची धुरी, मग मार. बाबासाहेबांनी ज्या अंधारातून बाहेर काढले तिथे आपण आपल्या आजारी लेकीला हाताला धरून परत नेतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, आणि त्यानंतर ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते आयुष्यभर झगडले तो महाराष्ट्रात झाला. भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसाला दोराने किंवा साखळीने बांधणे, काठीने मारणे, मिरचीची धुरी देणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी केली, आणि सरकारी दवाखान्यात उपचार मिळणे हा रुग्णाचा हक्क ठरविला.

स्किझोफ्रेनिया फार दुर्मिळ नाही. जगात सुमारे तीनशे माणसांमागे एकाला तो होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. श्रीमंत-गरीब, जात-धर्म तो पाहत नाही. गोळ्या नियमित घेतल्या, घरातले माणूस सोबतीला राहिले, तर कित्येक जण पुन्हा कामाला लागतात.

पण इथे एक इशारा दिलाच पाहिजे, नाहीतर या लेखाचा उलटा उपयोग व्हायचा. ‘तो माझ्या मागावर आहे’ असे एखादी मुलगी म्हणाली, की लगेच तिच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणू नका. बहुतेक वेळा तो खरोखरच मागावर असतो. भीमगीतांच्या पार्टीत गाणाऱ्या मुली विचारून पाहा. ज्याच्याबरोबर तालीम केली, ज्याने ढोलकी वाजविली, मैत्री तुटल्यावर तोच एसटी स्टँडवर उभा राहतो, रात्री कार्यक्रम संपल्यावर मोटारसायकल मागे ठेवतो, नंबर बदलून बदलून फोन करतो. घरचे म्हणतात, गाणे बंद कर, कशाला बोभाटा. मग मुलगी घरात बसते आणि तो पुढच्या कार्यक्रमात पुन्हा वाजवायला जातो. ही कुठली रीत?

२०१३ साली बाईचा असा पाठलाग करणे हा स्वतंत्र गुन्हा झाला. तेव्हा तो दंडविधानाच्या ३५४-ड कलमात होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ७८व्या कलमात आहे. बाईने स्पष्ट नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा मागे जाणे, संपर्क करणे, तिच्या मोबाइल-इंटरनेटवर नजर ठेवणे, हे सगळे त्यात येते. पहिल्यांदा दोषी ठरला तर तीन वर्षांपर्यंत, पुन्हा ठरला तर पाच वर्षांपर्यंत कैद. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्द आमची नाही म्हणून परत पाठविणे चालत नाही. पाठलाग करणारा अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल तर अॅट्रॉसिटी कायद्याचे कलमही लागू शकते. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचे संरक्षण आहे, तेव्हा जातीचा दाखला जवळ ठेवावा. फोन, मेसेज, तारीख-वार लिहून ठेवावे. मुलगी म्हणते ते खरे की मनाचा खेळ, हे घरात बसून ठरवू नका. आधी तिच्यासोबत स्टँडवर जाऊन उभे राहा आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. तिथे कोणी दिसला तर पोलिसांत जा. कोणी नाही, आणि तरीही ती थरथरते आहे असे दिसले, तर डॉक्टरकडे जा.

आपल्या धम्मात पटाचारेची कथा आहे. श्रावस्तीच्या धनिकाची ही मुलगी घरच्या नोकरावर प्रेम करून त्याच्याबरोबर निघून गेली. एका वादळी रात्रीत नवरा सर्पदंशाने मेला. नदी ओलांडताना तान्ह्याला ससाण्याने उचलले, मोठा वाहून गेला. माहेरी निघाली तर घर कोसळून आईवडील आणि भाऊ गेल्याचे कळले. तिचे भान गेले. अंगावरचे वस्त्र गळून पडले तेही तिला कळले नाही. लोक वेडी वेडी म्हणून ढेकळे मारीत होते. ती जेतवनात शिरली तेव्हा लोक तिला अडवू लागले. बुद्धांनी त्यांना थांबविले, तिला येऊ दिले, भगिनी म्हणून हाक मारली आणि भानावर ये म्हणाले. कोणा एकाने आपले उपरणे तिच्या अंगावर टाकले. ही पटाचारा पुढे भिक्खुणींमध्ये विनयाची सर्वांत मोठी जाणकार झाली.

परवीनला असे उपरणे मिळाले नाही असे म्हणणे तिच्या नातलगांवर अन्याय होईल. तिने स्वतःच दारे लावून घेतली होती. पण दुसऱ्या एका कलावंताला ते मिळाले. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून बरे करणारे डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांना १९९०च्या दशकात मुंबईच्या रस्त्यावर एक विपन्न माणूस सापडला. चौकशी केली तर तो जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा माजी अध्यापक निघाला. ज्याच्याकडे विद्यार्थी चित्रकला शिकले तो रस्त्यावर भटकत होता आणि कोणी ओळखत नव्हते. बातमी कळल्यावर चित्रकारांनी आपली चित्रे देऊन प्रदर्शन भरविले आणि त्या पैशातून दहिसरला रुग्णालय उभे राहिले. पुढे याच कामाचे मोठे केंद्र आपल्याच जिल्ह्यात, कर्जतला झाले. रस्त्यावरच्या रुग्णाला बरे करून, गाव शोधून, घरी पोचविण्याचे काम तिथे चालते. २०१८ साली डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा अनेकांना कर्जतचे नाव कळले. आम्हीही त्यातलेच.

एवढ्या लांब जायची गरज बहुतेक घरांना पडत नाही. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन मनोविकाराच्या डॉक्टरांचा दिवस विचारून घ्यावा. भरती करण्याची वेळ आली तर ठाण्याचे मनोरुग्णालय आहे. आधी नुसते बोलायचे असेल तर १४४१६ हा सरकारी फोन चोवीस तास, फुकट आणि मराठीतून चालतो. पोलिसांसाठी ११२, महिलांसाठी १८१. आजारी बाई स्वतः फोन करणार नाही, तिला आजार आहे असे वाटतच नसते. फोन वहिनीने, जावेने, शेजारणीने करायचा. जिच्यावर तिने करणीचा आळ घेतला, त्या मैत्रिणीनेही करायला हरकत नाही.