संमती, इच्छा आणि मानवी हक्क : स्त्रीवादी विचारातील वाद

प्रास्ताविक

'संमती' हा शब्द वरवर सोपा वाटतो. 'हो' म्हणजे संमती आणि 'नाही' म्हणजे नकार, असे आपण गृहीत धरतो. परंतु जिला 'नाही' म्हणण्याची मुभाच नाही, तिच्या गप्प राहण्याचा अर्थ काय लावायचा? आणि जी स्वेच्छेने 'हो' म्हणते, तिच्या होकाराला समाज व कायदा मान देतात का? या उपघटकात आपण हे दोन प्रश्न महाराष्ट्रातील दोन खटल्यांच्या आधारे समजून घेऊ.

१. रखमाबाईंचा नकार

बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी पतीकडे नांदायला जाण्यास नकार दिला. १८८४ मध्ये पतीने मुंबई उच्च न्यायालयात दावा दाखल केला. १८८७ मध्ये न्यायालयाने पतीकडे जा, अन्यथा तुरुंगवास भोगा, असा आदेश दिला. रखमाबाईंनी तुरुंगवास पत्करण्याची तयारी दाखवली. पुढे १८८८ मध्ये तडजोड झाली. न कळत्या वयात, स्वतःच्या संमतीवाचून झालेले लग्न स्त्रीवर बंधनकारक कसे, हा त्यांचा प्रश्न होता. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने ही वयोमर्यादा १० वरून १२ वर्षांवर नेली. या कायद्याने मुलीचे वय पाहिले. तिची इच्छा मात्र विचारात घेतली नाही.

२. मथुरा खटला

१९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप दोन पोलिसांवर झाला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. उच्च न्यायालयाने मात्र भीतीपोटी पत्करलेली निमूट शरणागती म्हणजे संमती नव्हे, असे मानून त्यांना शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरड केली नाही, या गोष्टींना निकालात महत्त्व मिळाले.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. वर्दीतील पुरुषासमोर गरीब मुलगी प्रतिकार करील, ही अपेक्षाच सत्तेचे वास्तव नाकारणारी आहे, हा या टीकेचा गाभा होता. देशभर आंदोलने झाली. १९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतील बलात्काराच्या खटल्यांत, संभोग सिद्ध झाल्यास आणि स्त्रीने संमती नाकारल्यास, संमती नव्हती असे न्यायालयाने गृहीत धरावे, अशी तरतूद झाली. २०१३ च्या दुरुस्तीने आणखी स्पष्ट केले की शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही.

३. इच्छेचा प्रश्न

येथे स्त्रीवादी विचारवंतांत मतभेद आहेत. अमेरिकी विचारवंत कॅथरिन मॅकिनन यांच्या मते विषमतेत वाढलेल्या स्त्रीचा होकारही पूर्णपणे मुक्त मानता येत नाही. कॅरोल व्हान्स यांच्यासारख्या अभ्यासक सांगतात की केवळ धोक्याचीच चर्चा केली, तर स्त्रीचे सुख व तिची इच्छा पुन्हा मुकी होते. मराठीत र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून स्त्रीच्या कामसुखाविषयी उघडपणे लिहिले, हे येथे लक्षात घ्यावे.

हा वाद केवळ तात्त्विक नाही. संमतीचे वय १६ वरून १८ वर्षांवर गेल्यावर अल्पवयीन मुलींना अधिक संरक्षण मिळाले. पण सतरा वर्षांची मुलगी स्वेच्छेने निघून गेली, तरी तिचे पालक मुलावर गुन्हा नोंदवू शकतात. अनेकदा त्यामागे जातीचा रोष असतो. संरक्षणाचा कायदा तेव्हा तिच्याच इच्छेविरुद्ध वापरला जातो.

४. मानवी हक्कांची दृष्टी

१९९५ च्या बीजिंग परिषदेच्या कृती आराखड्याने लैंगिकतेबाबत दबाव, भेदभाव आणि हिंसेविना निर्णय घेणे हा स्त्रियांच्या मानवी हक्कांचा भाग मानला. या दृष्टीने नकार आणि होकार हे एकाच हक्काचे दोन भाग ठरतात. भारतीय कायद्यात मात्र १८ वर्षांवरील पत्नीशी पतीने केलेला संभोग आजही बलात्काराच्या व्याख्येबाहेर आहे. लग्न म्हणजे कायमची संमती, हे गृहीतक त्यामागे आहे. रखमाबाईंचा प्रश्न त्या अर्थाने अजून सुटलेला नाही.

सारांश

संमती म्हणजे प्रतिकाराचा अभाव नव्हे. ती देणाऱ्याला नाकारण्याचे खरे स्वातंत्र्य हवे, आणि स्वेच्छेने दिलेल्या होकारालाही तितकाच मान हवा.

आपली प्रगती तपासा

१. 'निमूट शरणागती' आणि 'संमती' यांतील फरक मथुरा खटल्याच्या आधारे स्पष्ट करा.
२. संरक्षण आणि इच्छास्वातंत्र्य यांतील ताण एका उदाहरणाने मांडा.